एका नळीत शंभर टोप्या

प्रश्न पुतण्याचा आहे. तो अमेरिकेत ॲरिझोनात राहतो. त्याने पाठवलेला निरोप थोडक्यात असा: "काका, मी दर शनिवार-रविवार पिस्तुलाच्या स्पर्धा खेळतो. नऊ एमएमची काडतुसं घरीच भरतो, इथे ते कायदेशीर आहे. प्रायमर (काडतुसाच्या बुडाशी बसणारी बारीक टोपी, जिच्यातला मसाला पिन आपटली की पेटतो आणि दारू पेटवतो) एकेक करून नळीत टोचता टोचता मनगट धरतं, म्हणून नळी आपोआप भरणारं मशीन घेतलं. अजून खोक्यातच आहे. तुम्ही जन्मभर हेच काम केलं. या मशीनवर कितपत विसंबायचं? आणि दिवाळीत येताना आपल्या गावच्या दोस्तासाठी एक आणू का? तोही आता नेमबाजी शिकतो आहे."

बाबू, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. आणू नको.

आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ चा आहे. त्याच्या कलम २ मध्ये 'दारूगोळा' म्हणजे काय ते सांगितलंय, आणि त्यात नुसती काडतुसं येत नाहीत. काडतुसाचे सुटे भाग येतात, आणि दारूगोळा बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा येते. म्हणजे यंत्र हाच कायद्याच्या नजरेत दारूगोळा. कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय तो बनवता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान सात वर्षं ते जन्मठेप अशी आहे. नुसती नळी भरणारं हे डबडं त्या व्याख्येत बसतं का, हा वाद तुला नागपूरच्या विमानतळावर कस्टमच्या टेबलासमोर उभं राहून घालायचा असेल तर खुशाल आण. प्रायमर तर विमानात चालतच नाहीत, सामानातही नाही आणि हातातही नाही. वापरलेलं मशीन बॅगेत टाकलंस, तर तिकडच्या विमानतळावर बॅगेवरून फडकं फिरवून स्फोटकाचा अंश शोधतात त्यातच अडकशील.

शिवाय तुझ्या दोस्ताला त्याचा उपयोग शून्य. तो अकोल्याला जाऊन १० मीटर एअर रायफल मारतो. तिच्यात हवेच्या दाबाने ४.५ मिलिमीटरचा छर्रा सुटतो. दारू नाही, प्रायमर नाही, काहीच नाही. उद्या तो पुढे गेला आणि .२२ इंची रायफलपर्यंत पोहोचला, तरी त्या काडतुसात वेगळा प्रायमर नसतो. मसाला काडतुसाच्या पुंगळीच्या बुडाच्या काठात आतून भरलेला असतो, बंदुकीची पिन काठावर आपटते, आणि ती पुंगळी नंतर भंगारात जाते. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्य आणलं, ते याच .२२ वर. त्यामुळे दोस्तासाठी आणायचंच असेल तर नेमबाजीचा चांगला हातमोजा आण.

आता तुझ्या मशीनकडे वळतो.

मी घरापासून दूर एका दारूगोळा कारखान्यात ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी कॅपच्या विभागात. तुम्ही ज्याला प्रायमर म्हणता त्याला आम्ही कॅप म्हणायचो, आणि माझे आजोबा टोपी म्हणायचे. त्यांच्याकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, रोही (नीलगायी) आणि डुकरं हाकलायला. टोप्यांची चपटी डबी कोनाड्यात देवाच्या मागे असायची. मी लहानपणी एकदा ती डबी कानाशी धरून खुळखुळ वाजवली. आजीने पाठीत असा धपाटा घातला की डबी हातातून सुटली, आणि ती पडताना पाहून आजीच मटकन खाली बसली. काही झालं नाही. "वाजवायले ते काय खुळखुळा हाय कारे?" एवढंच ती म्हणाली. पुढे कारखान्यात तीन दिवसांच्या प्रशिक्षणात आम्हाला जे शिकवलं, त्याचं सार या एका वाक्यात होतं: टोप्या एकमेकींवर आपटू द्यायच्या नाहीत.

आणि तुझं मशीन नेमकं तेच करतं. शंभर टोप्या एका वाटीत ओतायच्या आणि वाटी थरथरवायची.

म्हणून आधी प्रायमर विकत मिळतो कसा ते बघ. शंभराची एक डबी, आत ट्रे, ट्रेमध्ये प्रत्येकाला आपला वेगळा खण. अशा दहा डब्या म्हणजे हजाराची वीट. कंपनीला जागा वाया घालवायची हौस नाही. एखादा फुटलाच तर शेजारच्याला कळू नये म्हणून ती रिकामी जागा विकत देतात. एका प्रायमरमध्ये मसाला किती? साधारण २५ ते ३५ मिलिग्रॅम, म्हणजे मोहरीच्या दहा-पंधरा दाण्यांइतका. सुटा फुटला तर कान वाजतील, बोट भाजेल, डोळ्यात कण गेला तर डोळा जाईल. पण शंभर जण एका नळीत एकावर एक रचले की तीन ग्रॅमच्या आसपास मसाला एका बंद नळीत बसलेला असतो. खालचा फुटला की वरच्याला विचारत नाही. नळी म्हणजे मग बंदुकीची नळीच, आणि वर जी बारीक सळई ठेवतात ती छताला भोक पाडून जाते. कारखान्यात अशा ठिकाणी दारावर पाटी असायची, आत माणसं किती आणि माल किती याची. तुझ्या गॅरेजच्या दारावर ती पाटी नाही, म्हणून मनात लावून घे: माणूस एक, माल शंभर. दुसरी डबी बंद, आणि हाताच्या अंतरावर नाही, खोलीच्या दुसऱ्या टोकाला.

मशीन वाईट आहे असं मी म्हणत नाही. उलट माझं मत असं की हाताने टोचण्यापेक्षा ते बरं, कारण कंटाळलेला माणूस कंटाळलेल्या मशीनपेक्षा धोकादायक असतो. फक्त ते कशाने चालतं हे कळलं तरच ते कशाने बिघडतं हे कळेल.

तू पाठवलेल्या फोटोत वाटीच्या आतल्या बाजूने एक चढती वाट दिसते, नागमोडी नव्हे, गोल जिन्यासारखी. वाटीखाली विजेचं चुंबक आहे आणि तिरप्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा आहेत. चुंबक सेकंदाला साठ-एकशेवीस वेळा खेचतं-सोडतं. प्रत्येक वेळी वाटी किंचित पिळते आणि किंचित उचलते. प्रायमर त्या प्रत्येक झटक्याला केसभर उडी मारतो आणि पुढे पडतो. डोळ्याला मात्र तो सरकत चढताना दिसतो. तू इथे सोयाबीनचं बियाणं साफ करताना तो गोल घसरगुंडीवाला सेपरेटर पाहिला आहेस ना, ज्यात गोल दाणा बाहेर फेकला जातो आणि चपटा, फुटका आतून खाली येतो? हे त्याचं उलटं रूप समज. तिथे वजन खाली आणतं, इथे थरथर वर नेते. पण दोन्हीकडे दाण्याच्या आकारावरूनच निवड होते.

निवड कशाची? प्रायमरला दोन तोंडं असतात. एक बंद, चकचकीत, ज्याच्या कडा गोलसर आहेत. दुसरं उघडं, ज्याच्यात तिपायी ऐरण बसलेली दिसते, आणि ज्याची कड धारेची आहे. (लोहाराच्या ऐरणीलाच इथे ऐरण म्हणतात आणि काम तेच: पिन वरून हातोडा मारते, मसाला मध्ये चिरडतो.) वाटेवर एका ठिकाणी जागा मुद्दाम अरुंद केलेली असते. बरोबर बाजूने आलेला प्रायमर तिथे टिकतो, उलटा आलेला तोल जाऊन परत वाटीत पडतो आणि पुन्हा रांगेत लागतो. आमची माय सुपात तूर पाखडायची तेव्हा खडा जसा आपोआप एका बाजूला जायचा, तसं. सुपाला डोळे नाहीत, मशीनलाही नाहीत. त्यामुळे ज्या कंपनीच्या प्रायमरची कड जरा जास्त गोल किंवा जरा कमी गोल, त्याच्यासाठी तीच जागा वेगळी वागते. एका कंपनीच्या मालावर मशीन सरळ चाललं म्हणून दुसऱ्या कंपनीच्या मालावरही चालेल असं धरून चालू नको. ब्रँड बदलला की पहिली नळी समोर बसून बघायची.

आता जिथे माणसं खरोखर चुकतात तिकडे येतो.

थरथरीचा खटका. नवीन मशीन घेतलं की प्रत्येक जण तो खटका पुढे फिरवतो, कारण हळू चढणारे प्रायमर बघवत नाहीत. जास्त थरथरीत प्रायमर वाटेवर चालत नाहीत, नाचतात. नाचणारा प्रायमर अरुंद जागेवर उलटतो, निवड चुकते, आणि दुसरं म्हणजे धूळ. ही धूळ म्हणजे मातीची नव्हे. मसाल्याचा कण ऐरणीच्या पायांमधून सुटतो आणि वाटीत, नळीत, जोडावर राखाडी पावडरीसारखा बसतो. एका डबीत दिसणार नाही. पन्नास डब्यांनंतर पांढऱ्या सुती फडक्यावर दिसेल. ती दिसली की समजायचं, वाटीत प्रायमर नसतानाही वाटी रिकामी नाही. खटका इतकाच ठेव की प्रायमर न थांबता, एकापाठोपाठ एक, कुरकुर न करता चढतील. डिलन कंपनीचं आरएफ-१०० हे नळी भरायचं मशीन असो की दुसरं कुठलं, शंभराला दोनेक मिनिटं लागली तर चांगलं चाललं आहे. ते दीड मिनिटावर आणून तुला काय कमवायचंय? त्या वेळात डोळ्याला चष्मा लाव.

टेबल समतल हवं. वाटी एका बाजूला झुकली की त्या बाजूचे प्रायमर चढायला कंटाळतात, तू खटका वाढवतोस, आणि पुन्हा वरची गोष्ट सुरू. पातळी बघायला मोबाईलमधलं ॲपही पुरतं. आणि थरथरणाऱ्या प्रत्येक यंत्राचा स्क्रू कधी ना कधी ढिला होतो. दाल मिलच्या चाळणीवाल्याला विचार, तो सकाळी चहाच्या आधी पाना फिरवतो. तू प्रायमर ओतायच्या आधी फिरव, नंतर नाही.

खालची पिन. नळीच्या खालच्या टोकाला आडवी पिन असते, ती जागेवर आहे की नाही हे बघायला एक सेकंद लागतो. ती विसरली तर शंभर प्रायमर नळीतून सरळ जमिनीवर येतात. फरशीवर टपटप उड्या मारणारे प्रायमर ऐकले की माणूस घाबरून पाय हलवतो, आणि पाय हलवणं हेच तेव्हा करायचं नसतं. उभं राहायचं, मशीन बंद करायचं, आणि एकेक हाताने वेचायचा. व्हॅक्युम क्लीनर नाही. झाडूही नाही. एक कमी भरला तर तो सापडेपर्यंत शोधायचा. तुझ्या त्या गालिच्यात गेला असेल तर गालिचा उचलायचा. मुळात गालिच्यावर हे काम कर कशाला? आमच्याकडे एकदा पॅकिंगच्या ओळीत सांडलेली एक कॅप कोणाला सापडली नाही. शिफ्ट संपली, दुसरी शिफ्ट आली. रात्री एका नव्या पोराच्या बुटाखाली ती वाजली. त्याला काही झालं नाही, पण त्या आवाजाने शेजारचा दचकला आणि त्याच्या हातातला ट्रे सुटला. त्या ट्रेमधलं काही वाजलं नाही हे नशीब. दचकणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा धोका, असं मी अजूनही मानतो.

नळी भरून गेल्यावर एक घोटाळा होतो, त्याबद्दल कोणी बोलत नाही. प्रेसवरच्या (म्हणजे दांडा ओढून काडतूस भरायच्या यंत्रावरच्या) नळीत आधीचे पाच-सहा प्रायमर उरलेले असतात आणि तू वरून शंभरची नवी नळी रिकामी करतोस. प्रेसची नळी शंभराच्या आसपासच घेते. शेवटचे दोन-तीन वर येऊन थांबतात, आणि त्यातला एखादा बरोबर दोन नळ्यांच्या जोडात अर्धा खाली, अर्धा वर अडकतो. आता तू वरची नळी आडवी ओढलीस तर तो प्रायमर कात्रीत सापडल्यासारखा कापला जाईल. म्हणून आधी वरून डोकावायचं नाही (डोळा नळीच्या रेषेत कधीही आणायचा नाही), बाजूने बघायचं. प्रेस शेवटच्या प्रायमरची घंटी देतं तेव्हाच नवी नळी लावायची. घंटीवाला खटका तुझ्या प्रेसवर असेल तर तो दुरुस्त ठेव. नसेल तर पुंगळ्या मोजून चालव.

अडकलेला प्रायमर. नळीत प्रायमर थांबला आणि खाली येत नसला, तर दोन गोष्टी मनात येतात: नळी टेबलावर टकटक आपटायची किंवा वरून काडी घालून ढकलायचा. दोन्ही करायच्या नाहीत. आमच्या विभागात एका अनुभवी माणसाने, मला शिकवणाऱ्या माणसानेच, फीडरच्या तोंडावर अडकलेली कॅप पितळेच्या सळईने हळूच टोचली. पितळ ठिणगी पाडत नाही म्हणून आम्ही पितळ वापरायचो, पण कॅपला ठिणगी लागत नाही, चेपणं पुरतं. त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. पुढे तो डाव्या हाताने सही करायचा, आणि पगाराच्या खिडकीवर दर महिन्याला सही जुळत नाही म्हणून थांबवायचे. अडकलेल्या नळीच्या बाबतीत तेल ओतून किंवा पाण्यात बुडवून प्रायमर मेला असंही धरू नको. ओला झालेला प्रायमर वाळला की पुन्हा जागा होतो, आणि वर लावलेल्या लाखेखालचा मसाला कधी कधी ओला होतच नाही. ती नळी तोंड भिंतीकडे करून, माणसांपासून दूर ठेव, आणि तुझ्या क्लबच्या जाणत्या माणसाला किंवा मशीन बनवणाऱ्यालाच फोन कर. नळीची किंमत काय असेल ती असो, बोटाएवढी नाही. बहुतेक वेळा कारण साधं असतं: नळीच्या तोंडाला बारीक चेप पडलेला असतो, किंवा लहान प्रायमरच्या नळीत मोठा घातलेला असतो.

हा आकाराचा मामला सांगून टाकतो. लहान प्रायमरचा व्यास .१७५ इंच, मोठ्याचा .२१०. त्यात घोटाळा झाला तर मशीनच अडून बसतं, बरंच आहे. खरी फसवणूक दुसरीकडे आहे. लहान पिस्तूल प्रायमर आणि लहान रायफल प्रायमर मापाला सारखेच असतात, प्रायमरच्या स्वतःच्या इवल्या वाटीचा पत्रा मात्र रायफलच्या जातीत जाड असतो. मशीन दोन्ही सारखेच चढवेल. पिस्तुलाची पिन मग जाड पत्र्यावर आपटेल आणि काडतूस कधी वाजेल, कधी नाही. रायफलीत पातळ पत्र्याचा गेला तर भोक पडून गॅस मागे यायची भीती. टेबलावर एकाच जातीची डबी. उरलेले प्रायमर त्याच डबीत परत, दुसऱ्या कुठल्या बरणीत कधीच नाही. बरणीत सुटे भरलेले प्रायमर म्हणजे आजोबांची डबी, आणि आता आजी नाही.

आता कोरड्या हवेचं. तू ॲरिझोनात आहेस, मी अकोटकडे. भर उन्हाळ्यात आपल्या दोघांची हवा सख्खी बहीण. पारा चाळिशीच्या पुढे, हवेत ओल नावाला नाही. लहानपणी रात्री अंधारात मायची नायलॉनची साडी घडी करताना चटचट निळ्या ठिणग्या पडायच्या, तुला आठवत असेल. प्रायमरमधला मुख्य मसाला लेड स्टिफनेट. जुन्या काळी पाऱ्याचं फल्मिनेट असायचं, ते गेलं. या स्टिफनेटला चेपणं कळतं, उष्णता कळते, आणि स्थिर वीज तर फारच कळते. म्हणून कारखान्यात मसाला ओला ठेवूनच प्रायमरच्या इवल्या वाटीत भरतात. वाळला की तो खरा जागा होतो. तुझ्याकडे येतो तो वाळलेला. बंद धातूच्या वाटीत बसलेला असल्याने तो बराचसा सुरक्षित असतो, पण मघाशी सांगितलेली धूळ उघडीच असते. आमच्या दाराशी अर्थिंगची पितळी पट्टी होती, आत जाताना प्रत्येकाने हात लावायचा, साहेब असो की शिपाई. बूट वीज वाहून नेणारे, कपडे सुती, आणि उन्हाळ्यात हवेत ओल राखायची यंत्रणा. तू काय करशील? सुती शर्ट. लोकरीचा स्वेटर आणि पॉलिस्टरचं जाकीट बाहेर. फरशीवर उभं राहून काम. मशीनला तीन पिनांचं अर्थिंग, आणि प्रायमरला हात लावायच्या आधी प्रेसच्या धातूला हात लाव. एसी हवा आणखी कोरडी करतो हे लक्षात ठेव. थंडीत हीटर लावलास तर त्याहून जास्त.

धूळ काढायची ती सुती फडक्याने आणि स्पिरिटने, मशीन बंद करून, प्लग काढून. फुंकर मारायची नाही, ब्रशने झटकायची नाही. फडकं लगेच पाण्यात. किती वेळा? मी म्हणेन दर हजारानंतर. कोणी म्हणेल मी जास्त भितो. असू दे.

ही धूळ पोटातही जाते. स्टिफनेटमध्ये शिसं आहे, गोळ्याही शिशाच्याच. म्हणून टेबलाशी चहा नाही, बिस्कीट नाही. तू तिकडे खर्रा खात नसशील, पण तुझ्या दोस्तांपैकी कोणी तंबाखू मळत असेल तर त्याला टेबलापासून दूर बसव. काम झालं की हात आधी थंड पाण्याने आणि साबणाने. घरात लहान मूल असेल तर कामाचा शर्ट वेगळा धुवायचा. तुझं बाळ रांगायला लागलं असं तुझी आई म्हणाली, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आणखी एक गोष्ट, उलट्या प्रायमरची. मशीन कितीही चांगलं असलं तरी हजारात एखादा उलटा जाईलच. प्रेसच्या नळीत प्रायमर चकचकीत बाजू खाली आणि ऐरण वर अशा रीतीने बसायला हवा, कारण तो खालून वर पुंगळीत शिरतो. उलटा गेला तर पुंगळीच्या बुडाशी चकचकीत गोल दिसायच्या जागी तिपायी दिसते. प्रेस चालवताना हे डोळ्याला कळत नाही, हाताला कळतं: दांडा एकदम वेगळा लागतो. हात वेगळा सांगत असेल तर जोर लावू नको, थांब. त्यातून जे सुटतील ते शेवटी पकडायचे. भरलेली काडतुसं प्लास्टिकच्या पेटीत बूड वर करून लाव आणि ओळीवरून अंगठा फिरव. वर आलेला प्रायमर, उलटा प्रायमर, चेपलेला प्रायमर, तिघेही अंगठ्याला लगेच लागतात. असं काडतूस वेगळ्या डब्यात, आणि त्यातला जिवंत प्रायमर ठोकून काढायच्या फंदात पडायचं नाही.

काडतुसात भरायच्या दारूची बाटली या सगळ्यापासून लांब ठेवायची हे सांगायला नको, तरी सांगितलं. आपल्या विदर्भातल्या माणसाला हे पटकन पटतं. २०१६ च्या मे मध्ये पुलगावचं दारूगोळा भांडार पेटलं ती रात्र, आणि २०२५ च्या जानेवारीत भंडाऱ्याच्या जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्यातला स्फोट. दोन्ही वेळा माझ्या फोनवर जुन्या सोबत्यांचे फोन आले, "कोण होतं तिथं आपलं?" एवढंच विचारायला.

मशीन चालू असताना दुसरं काम करायचं नाही. लोक हे मशीन त्यासाठीच घेतात, मला माहीत आहे: इकडे नळी भरते, तिकडे प्रेस चालतो. तू तसं करू नको. दोन मिनिटं आहेत. चष्मा लावून, कानाला बूच लावून, तोंड नळीच्या रेषेत न आणता, जरा बाजूला उभं राहून बघ. शेवटचा प्रायमर चढला की मशीन बंद कर, नळी काढ, नळीचं तोंड स्वतःकडे किंवा खिडकीकडे नको, मग पिन परत एकदा बघ. भरलेल्या चार-पाच नळ्या आधीच तयार करून टेबलावर उभ्या ठेवायची सवय लावू नको. एक भरायची, एक वापरायची. रात्री काम थांबवलंस तर नळीतले प्रायमर काढून डबीत परत ठेव, सकाळी कोणाचा धक्का लागेल सांगता येत नाही.

पहिली नळी भरताना मला फोन लाव. बघायचं नाही, मला ऐकायचं आहे. बरोबर चाललेल्या वाटीचा आवाज एकसारखा, मधमाश्यांच्या मोहोळासारखा असतो. त्यात मध्येच खडखड आली तर खटका जास्त आहे, आणि घुमण्यासारखा जड आवाज आला तर टेबलच हलतं आहे. आपली रात्र आठच्या पुढे कर म्हणजे तुझी सकाळ असेल. इथल्या दुपारी करशील तर मी शेतात असतो, तिथे रेंज नाही.